भाऊबीजेचा फोन : गुन्हेविषयक एका माहितीपटाचे प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील कापसाच्या पट्ट्यातील एका विवाहितेच्या मृत्यूचे आहे, आणि त्या मृत्यूवर अनेक वर्षांनी तयार झालेल्या माहितीपटाचेही आहे. मी एका महिला समुपदेशन केंद्रात काम करते. चित्रीकरणाच्या वेळी मृत स्त्रीच्या आईने मला सोबत बसायला बोलावले होते, म्हणून पुढचे बहुतेक प्रसंग मी जवळून पाहिले आहेत. कोणाचेही व गावाचे नाव मी लिहिलेले नाही. ओळख पटू नये यासाठी अंतरे, वर्षे आणि कुटुंबातील काही तपशील बदलले आहेत. कागदपत्रांचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात खरे महत्त्व त्या क्रमालाच आहे.

मृत्यूपूर्वीचे कागद

लग्नाच्या वेळी मुलगी वीस वर्षांची होती. सासर माहेरापासून पस्तीस किलोमीटरवर, सात एकरांचे वावर असलेले. दुसऱ्या वर्षी मुलगा झाला आणि त्याच वर्षी ठिबक संचासाठी माहेरून 70,000 रुपये आणण्याची मागणी सुरू झाली. आई विधवा, दुसऱ्याच्या वावरात मजुरी करणारी. मुलगी दोनदा मार खाऊन माहेरी आली आणि दोनदा परत पाठवली गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा आईने तिला पोलीस ठाण्यात नेले. ठाणेदार बंदोबस्तावर गेलेले होते. जमादाराने तक्रार ऐकून घेतली आणि भारतीय दंड संहितेच्या कलम 323, 504 व 506 खाली अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता न येणारी, नोंद करून तिची प्रत हाती दिली. न्यायालयात दाद मागा, असे त्या प्रतीवर छापलेले होते.

मुलीने मारहाणीसोबत पैशाची मागणीही सांगितली होती. नवऱ्याकडून वा त्याच्या नातलगांकडून होणारी क्रूरता तेव्हा याच संहितेच्या कलम 498-अ खाली येत होती आणि पीडित स्त्रीने स्वतः किंवा तिच्या जवळच्या नातलगाने खबर दिली तर तो गुन्हा दखलपात्र ठरत होता. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर प्रथम खबर नोंदवणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 12 नोव्हेंबर 2013 रोजी ललिताकुमारी खटल्यात स्पष्ट केले आहे. वैवाहिक तंट्यात आधी प्राथमिक चौकशी करण्याची मुभा त्या निकालात आहे, हे खरे. पण येथे चौकशीही झाली नाही आणि गुन्हाही नोंदवला गेला नाही. मुलीची तक्रार शिवीगाळ आणि किरकोळ मारहाण एवढीच होऊन वहीत उतरली.

त्यानंतर गावातील जाणत्या मंडळींनी हे प्रकरण तंटामुक्त समितीपुढे नेले. राज्यात 15 ऑगस्ट 2007 पासून सुरू झालेल्या या मोहिमेने शेताच्या धुऱ्यावरून आणि वाटेवरून होणारी पुष्कळ भांडणे मिटवली. पण घरात मार खाणाऱ्या बाईची तक्रार धुऱ्याच्या भांडणासारखी दोन्ही बाजूंनी थोडे सोडून मिटवता येत नाही, कारण तिच्याकडे सोडण्यासारखे काही उरलेलेच नसते. ग्रामपंचायतीच्या खोलीत बैठक झाली आणि शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर समझोता-लेख लिहिला गेला. नवरा यापुढे नीट वागवील, पत्नी न सांगता माहेरी जाणार नाही आणि तिची कोणाविरुद्ध काहीही तक्रार राहिलेली नाही, असा त्यातला मजकूर होता. पैशाचा उल्लेख त्यात कोठेही नव्हता. मुलीने खाली सही केली आणि त्याच संध्याकाळी एसटीने ती सासरी गेली.

चौदा महिन्यांनी, कापूस वेचणीच्या दिवसांत, तिचा मृतदेह सासरच्या वावरातील विहिरीत सापडला. पोलिसांनी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला. लग्नाला सात वर्षे झालेली नसल्याने दंडाधिकाऱ्यांसमोर पंचनामा झाला, शवविच्छेदन झाले. आईचे बयान तिसऱ्या दिवशी घेतले गेले, आणि नवरा व सासूवर कलम 498-अ, 304-ब (हुंडाबळी) आणि 306 (आत्महत्येस प्रवृत्त करणे) खाली गुन्हा दाखल झाला. ही संहिता 1 जुलै 2024 पासून बदलली असून हुंडाबळीचे कलम आता भारतीय न्याय संहितेत 80 क्रमांकाने आहे. हा खटला मात्र जुन्या कायद्याखाली चालला.

हुंडाबळी सिद्ध होण्यासाठी मृत्यूच्या लगतपूर्वी हुंड्याच्या मागणीवरून छळ झाल्याचे दाखवावे लागते. लगतपूर्वी म्हणजे अगदी आदल्या दिवशी असे नव्हे, छळ आणि मृत्यू यांच्यात जिवंत दुवा असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सतबीर सिंग खटल्यात सांगितले आहे. नेमका हा दुवा येथे तुटला. भाऊबीजेच्या दिवशी, मृत्यूच्या आठ दिवस आधी, मुलीने फोन करून पैशासाठी पुन्हा मारल्याचे सांगितले, अशी साक्ष आईने न्यायालयात दिली. पोलिसांनी लिहून घेतलेल्या बयानात हा फोन नव्हता. आपण तो सांगितला होता, लिहिणाऱ्याने घेतला नाही, असे आई आजही सांगते. बचाव पक्षाने ही नंतर रचलेली गोष्ट असल्याचे म्हटले आणि वर समझोता-लेख पुढे केला: चौदा महिने एकही तक्रार नाही, उलट तक्रार नसल्याचे लिहून दिलेले आहे. न्यायालयाने नवऱ्याला केवळ 498-अ खाली दोषी धरून दोन वर्षांची शिक्षा दिली. हुंडाबळी आणि आत्महत्येस प्रवृत्त करणे या आरोपांतून दोघेही सुटले. कच्च्या कैदेतील दिवस वजा जाता नवरा लवकरच बाहेर आला.

चित्रीकरण

निकालानंतर चार वर्षांनी मोठ्या शहरातून चौघांचे पथक आले. स्त्रियांवरील अत्याचारांच्या प्रकरणांवर ते माहितीपटांची मालिका करत होते. दिग्दर्शक तरुण होता, अभ्यास करून आला होता, त्याने निकालपत्र वाचले होते. त्याच्या हेतूबद्दल मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. आईशी तो आदराने बोलला, छपरीत खाली बसला, तिच्या हातचा चहा प्याला.

संमतिपत्र सहा पानांचे आणि इंग्रजीत होते. त्याचा सारांश पथकातील एका मुलीने दोन मिनिटांत मराठीतून सांगितला. आपली कथा, आवाज आणि छायाचित्रे जगभर, कोणत्याही माध्यमात, कायमची वापरण्याची परवानगी आपण देत आहोत, हे आईला त्या दोन मिनिटांत कळले नाही. मी त्या दिवशी दुपारी पोहोचले तोवर सही होऊन गेली होती. संध्याकाळी पथक गेल्यावर आईने मला विचारले, "ताई, आता तारीख कधी लागंन?" आपली केस पुन्हा चालू होणार म्हणून ही माणसे आली आहेत, अशी तिची समजूत होती. कॅमेरा, कागद, सही आणि तेच ते प्रश्न या चारही गोष्टी तिने याआधी फक्त पोलिसांच्या आणि न्यायालयाच्या कामात पाहिल्या होत्या. तिचा हा गैरसमज कोणी मुद्दाम करून दिला नव्हता. तो दूर करण्याची जबाबदारी मात्र कोणी तरी घ्यायला हवी होती, आणि त्यात मीही येते.

दुसऱ्या दिवशी तिला विहिरीपाशी चलण्याची विनंती झाली. "मी तिकडं गेली नाई कधी," एवढेच ती म्हणाली. दिग्दर्शकाने आग्रह सोडला, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. मग त्यांनी विहिरीचे चित्रीकरण ड्रोनने केले. तिसऱ्या दिवशी आईला मुलीचे लग्नातले पातळ ट्रंकेतून काढून दाखवायला सांगितले. ते करताना ती रडली आणि तेच दृश्य पुन्हा एकदा घेतले गेले, कारण पहिल्या वेळी बाहेरून ट्रॅक्टरचा आवाज आला होता.

समझोता-लेखाची झेरॉक्स मी स्वतः दिग्दर्शकाला दाखवली. त्याने ती लक्षपूर्वक वाचली आणि म्हणाला की कागद महत्त्वाचा आहे, पण पडद्यावर कागद फार वेळ धरता येत नाही. त्याचे हे म्हणणे मी नंतर पुष्कळदा आठवले आहे. प्रेक्षक कागद पाहत नाहीत हे कदाचित खरेही असेल. परंतु खेड्यातील स्त्रीवरील हिंसा बहुतांशी कागदावरच घडवली जाते किंवा थांबवली जाते: कोणते कलम लिहिले, कोणते वाक्य गाळले, कोणत्या मजकुराखाली सही घेतली. कागद गाळले की पुढे फक्त विहीर शिल्लक राहते.

माहितीपट

तयार झालेला माहितीपट बेचाळीस मिनिटांचा होता. सुरुवातीला पऱ्हाटीच्या पांढऱ्या वावरावरून कॅमेरा उडत येतो आणि विहिरीवर थांबतो. नंतर केस मोकळे सोडलेली एक नटी अंधारात धावताना दिसते. प्रत्यक्षातील मृत्यू दिवसाचा होता. आत्महत्या, अपघात की घातपात, हा प्रश्न तिसऱ्या मिनिटाला विचारला जातो आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत लांबवले जाते. अदखलपात्र नोंदीला एक वाक्य मिळते. तंटामुक्त समितीचा उल्लेख नाही.

उत्सुकता टिकवण्यासाठी जी गोष्ट वापरली गेली ती फोनची होती. मुलीच्या मोबाइलच्या कॉल नोंदी खटल्याच्या कागदपत्रांत होत्या. शेवटच्या नऊ दिवसांत तिने एकाच क्रमांकावर तीन वेळा फोन केला होता, आणि तो क्रमांक माहेरच्या गावातील एका विवाहित पुरुषाच्या नावावर होता. माहितीपटाने क्रमांक धूसर केला, नाव घेतले नाही, पण निवेदकाने विचारले की हा माणूस कोण होता आणि ती त्याच्याशी काय बोलत होती. पुढे सासरचा एक नातलग तिच्या वागण्याबद्दल सूचक बोलतो आणि संगीत चढते. जवळजवळ बारा मिनिटे प्रेक्षकाच्या मनात तिच्या चारित्र्याचा प्रश्न तेवत ठेवला जातो. शेवटी निवेदक म्हणतो की तपासात याबाबत काही निष्पन्न झाले नाही. तोवर गावाने आपला निष्कर्ष काढलेला असतो.

माहितीपट आईने शेजारणीच्या मुलाच्या मोबाइलवर पाहिला. फोनचा भाग आला तेव्हा ती म्हणाली, "तो नंबर तं हिचाच होये." आईजवळ तेव्हा मोबाइल नव्हता. शेजारणीच्या घरात एकच फोन होता आणि त्याचे सिम तिच्या नवऱ्याच्या नावावर घेतलेले होते. मुलगी त्या फोनवर लावायची आणि शेजारीण आईला हाक मारून बोलवायची. मी दुसऱ्या आठवड्यात कॉल नोंदींची नक्कल काढून पाहिली. तिसरा फोन भाऊबीजेच्या संध्याकाळचा होता, सहा मिनिटांचा. आईने साक्षीत सांगितलेला आणि न्यायालयाने विश्वास न ठेवलेला फोन तो हाच. पोलिसांनी नोंदी जोडल्या, पण तो फोन कोणाच्या घरात वाजतो हे विचारले नाही. सरकारी पक्षाने शेजारणीला साक्षीदार केले नाही. आणि ज्यांच्याकडे वेळ, पैसा व निकालपत्र तिन्ही होते त्या पथकाने हा क्रमांक हाती घेऊनही, आईच्या घरापासून वीस पावलांवर असलेल्या त्या दारात चौकशी केली नाही.

फोनचे हे उत्तर शोधणे अवघड नव्हते, ते शोधण्याची गरज कोणाला वाटली नाही. पटकथेला अनोळखी पुरुष हवा होता, आणि अनोळखी माणसाच्या भीतीवरच या प्रकारच्या बहुतेक माहितीपटांची रचना उभी असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीत देशभर स्त्रियांविरुद्धचे 4,45,256 गुन्हे नोंदले गेले आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा, 31.4 टक्के, नवऱ्याच्या वा त्याच्या नातलगांच्या क्रूरतेचा होता. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2023 मध्ये जगभर सुमारे 51,100 स्त्रिया आणि मुली जोडीदाराच्या किंवा कुटुंबीयांच्या हातून मारल्या गेल्या.

विदर्भाने स्त्रीवर असा संशय लादण्याची मोठी किंमत याआधी मोजलेली आहे. 26 मार्च 1972 रोजी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात, अंगावर जखमा नाहीत आणि विरोधाची खूण नाही यावर भर देत सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोन पोलिसांना निर्दोष सोडले. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि 1983 मध्ये कायदा बदलला. त्याच बदलात बलात्कारपीडितेची ओळख छापण्यास मनाई करणारे कलम 228-अ आले. तरीही ज्या मुलीमुळे ते आले तिचे नाव आजही कायद्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात त्या खटल्याला चिकटलेले आहे. कलम 498-अ त्याच वर्षीच्या दुसऱ्या दुरुस्तीने आले. पण नाव झाकण्याची तरतूद लैंगिक गुन्ह्यांपुरतीच राहिली. बलात्कारपीडितेचे नाव तिच्या मृत्यूनंतरही, अगदी नातलगांच्या संमतीनेही, सक्षम अधिकाऱ्याच्या निर्णयाशिवाय उघड करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये निपुण सक्सेना खटल्यात सांगितले. सासरी मेलेल्या स्त्रीला असे कोणतेच संरक्षण नाही. म्हणूनच या माहितीपटात आमच्या मुलीचे पूर्ण नाव, लग्नातली छायाचित्रे आणि दोन्ही गावांची नावे कायदेशीरपणे दाखवता आली.

असे माहितीपट होऊच नयेत, असे माझे म्हणणे नाही. 13 ऑगस्ट 2004 रोजी नागपूरच्या न्यायालयात जमावाने मारलेल्या गुंडाच्या प्रकरणावर 2022 मध्ये आलेल्या मालिकेत त्याने छळलेल्या कस्तुरबानगर वस्तीची बाजू तिथल्या माणसांच्या तोंडून ऐकायला मिळाली, आणि वर्षानुवर्षे तक्रारी करूनही काय होत होते हे बाहेरच्या लोकांना समजले. आमच्या माहितीपटानेही काही चांगले केले. तो पाहून जवळच्या गावांतील दोन स्त्रिया केंद्रात आल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ 14 टक्के स्त्रिया कोणाकडे तरी मदत मागतात, हे लक्षात घेता दोन ही लहान संख्या नाही. परंतु त्यांतील एकीचा पहिला प्रश्न होता की तक्रार केली तर आपलेही फोन तपासून दाखवतील का. तिला कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, संरक्षण अधिकारी, घरात राहण्याचा हक्क हे सगळे समजावून सांगायला दोन बैठका लागल्या. पैकी पहिली बैठक तर ही भीती काढण्यातच गेली.

नंतर

मृत स्त्रीचा मुलगा आजीजवळ राहतो. आईच्या मृत्यूच्या वेळी तो चार वर्षांचा होता, घरात होता आणि तपासात त्यालाही विचारपूस झाली होती. माहितीपटात त्याचा चेहरा धूसर केला होता. पण आजीचा चेहरा, घर आणि गाव उघड असताना तो कोण हे तालुक्यात कोणालाही कळत होते. शाळेत एका मुलाने त्याला नटी धावतानाचा तुकडा दाखवला. त्यानंतर नऊ दिवस तो शाळेत गेला नाही. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार गुन्ह्याचा बळी वा साक्षीदार असलेल्या बालकाची ओळख पटेल असा कोणताही तपशील माध्यमांत देण्यास मनाई आहे, फक्त नावाला नव्हे. या कलमाचा आधार घेऊन आम्ही माहितीपट दाखवणाऱ्या ऑनलाइन व्यासपीठाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली. माहिती तंत्रज्ञान नियम 2021 मध्ये अशा तक्रारीवर पंधरा दिवसांत निर्णय देण्याचे बंधन आहे. चौदाव्या दिवशी उत्तर आले. मुलाची दृश्ये आणि गावाचे नाव काढले गेले. फोनचा भाग सत्य नोंदींवर आधारित असल्याने तो राहील, असे त्यांनी कळवले.

त्या भागाचा सर्वांत मोठा मार शेजाऱ्यांना बसला. शेजारणीचा नवरा काही महिने चावडीवर बसायचा बंद झाला. त्यांच्या मोठ्या मुलीची ठरत आलेली सोयरीक पुढे गेली नाही. कारण कोणी सांगितले नाही. दोन घरांमधले बोलणे थांबले. शेजारणीला वाटे की आईनेच कॅमेऱ्यासमोर काही तरी सांगितले असेल, आणि आईला तिच्या दारात जायची हिंमत होत नव्हती.

दरम्यान आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. तेथील वकिलांनी निकालपत्र वाचून आईला पहिल्यांदा सांगितले की आरोपी सुटला किंवा कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला, तर 31 डिसेंबर 2009 पासून पीडिताला, आणि पीडित हयात नसेल तर तिच्या वारसाला, स्वतः अपील करता येते. निकालाच्या दिवशी हे तिला कोणी सांगितले नव्हते. माहितीपटात एक निवृत्त पोलीस अधिकारी आणि एक कायदेतज्ज्ञ बोलले होते; त्यांनाही ते सांगावेसे वाटले नाही.

अपिलाला झालेला उशीर कित्येक वर्षांचा आहे, आणि तो माफ होईलच असे वकील म्हणत नाहीत. उशीर माफ झाला तरी अतिरिक्त पुरावा घ्यायचा की नाही हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 391 खाली उच्च न्यायालय ठरवील. फोन झाला होता एवढेच नोंदींवरून दिसते, त्यात काय बोलले गेले हे दिसत नाही. ते आईने आधीच साक्षीत सांगितले आहे. तो फोन भाऊबीजेच्या संध्याकाळी खरोखरच आईला आला होता, हे मात्र शेजारीण सांगू शकते. वकिलांना तिचे शपथपत्र हवे होते.

मी विचारायला गेले तेव्हा ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या दिशी माहा भाऊ आला होता ओवाळाले. ताट हातात होतं अन् फोन वाजला. म्या ताट ठेवून हिले बलावलं." तिच्या भावानेही शपथपत्र द्यायला होकार दिला. पुढच्या सोमवारी दोघी एकाच ऑटोने तालुक्याला गेल्या. स्टॅम्प पेपरवरचा मजकूर वकिलाच्या कारकुनाने मराठीत वाचून दाखवला, तेव्हा आईने तो पुन्हा एकदा, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला सांगितला आणि मगच शेजारणीला सही करू दिली. नागपूर खंडपीठात उशीर माफीचा अर्ज दाखल झाला असून प्रतिवादींना नोटीस निघाली आहे.